पिवळ्या मशीनचे आठ आकडे

बगळ्याची मान तिसऱ्यांदा सुटली तेव्हा तंबूत डिम्फी सोडून अकरा माणसं होती, आणि अकराही जणांनी आधी मानेकडे नाही, डिम्फीकडे पाहिलं.

मान म्हणजे सहा मीटर लांबीचा, मनगटाएवढ्या पाइपांचा, वळण घेत वर जाणारा सांगाडा. साखळीने ओढून ती जेमतेम गुडघाभर वर उचलली होती. कट् असा आवाज झाला, बुडाचा जोड उघडला आणि मान पुन्हा टेकूच्या लाकडी घोड्यांवर येऊन निजली. कुणाला लागलं नाही. जोड डिम्फीने भरला होता. तुटलेल्या जागी वेल्डिंगचा धातू पाइपवरून अख्खाच्या अख्खा सुटून आला होता, ओल आलेल्या भिंतीवरून पोपडा निघावा तसा.

"बगळा दमलाय," मारिनस म्हणाला. "झोपू द्या त्याला."

दोघं-तिघं हसले. टीस्ट हसला नाही. तो बावीस वर्षं लिंडेहूक वाडीच्या तंबूचा मुख्य होता, आणि तंबूत त्याचा शब्द शेवटचा.

"मारिनस गमतीनं म्हणतोय, मी गमतीनं म्हणत नाही," तो म्हणाला. "आज बुधवार. शुक्रवारी दुपारपर्यंत मान उभी राहिली तर राहिली. नाहीतर शनिवारी करवत लावायची. बगळा बसलेला दाखवू. मान पंखात खुपसलेली."

"झोपलेला बगळा?" डिम्फी म्हणाली. "अरे टीस्ट, रथाचं नाव 'झेप' आहे."

"नाव बदलू."

"आणि वेल्डिंगचं मशीन?"

"मशीन फेनएंड वाडीला परत. आणि तू फुलांच्या टेबलावर परत. वाईट वाटून घेऊ नकोस, डिम्फी. प्रत्येकाचं एक काम असतं."

मिरवणुकीला अठरा दिवस उरले होते. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी गावाभोवतालच्या नऊ वाड्यांचे नऊ रथ निघत. लोखंडाचा सांगाडा, त्यावर पुठ्ठा आणि कागदाचा लगदा, आणि त्यावर बोटभरही जागा न सोडता खोचलेली डेलियाची फुलं. कागद वाळायला दहा दिवस लागत. म्हणजे शुक्रवारची मुदत टीस्टने मनाने ठरवलेली नव्हती, हे डिम्फीलाही कळत होतं.

डिम्फी सत्तावन्न वर्षांची होती. वाडीचं डेलियाचं शेत तीस वर्षं तिच्याकडे होतं. कोणत्या ओळीत कोणती जात, कोणत्या ओळीला कोणतं खत, सगळं खुंट्यांवर लिहून ठेवणारी बाई. मागच्या हिवाळ्यात, कुणाला न सांगता, तिने तांत्रिक शाळेतल्या वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं. बारा मंगळवार. तिथे मिग मशीन होतं: हातातल्या बंदुकीसारख्या नळीचा घोडा दाबला की तार आपोआप पुढे येते, सोबत गॅस येतो, आणि तार वितळत वितळत जोड भरत जाते. डिम्फीला ते इतकं आवडलं की तेराव्या मंगळवारी काय करावं हे तिला सुचेना.

मग जूनमध्ये वाडीचं जुनं मशीन धूर सोडून मेलं. फेनएंड वाडीने नवं घेतलं होतं, जुनं त्यांच्या तंबूत पडून होतं. डिम्फीने भर सभेत, मान खाली घालून, ते मागायचं सुचवलं. फेनएंडवाल्यांनी बदल्यात मागितली तिची काळसर लाल डेलिया: ओळीच्या ओळी, जी जात तिने नऊ वर्षं खपून तयार केली होती आणि जी आजूबाजूला कुणाकडेच नव्हती. तिने हो म्हटलं.  फुलं देऊन शत्रूचं भंगार आणणारी ही पहिलीच.

मशीन आलं ते हिरवं. हिरवा फेनएंडचा रंग. लिंडेहूकच्या तंबूत हिरवी बादलीसुद्धा चालत नाही. टीस्टने त्याच संध्याकाळी ते उघडं केलं, घासलं आणि वाडीच्या पिवळ्या रंगात रंगवून काढलं. वरचे आकडेही स्वतःच्या हाताने काळ्या रंगात नव्याने घातले. मशीन पिवळंधमक, नववधूसारखं दिसायला लागलं. चालायला मात्र लागलं नाही.

त्याच्या तोंडावर दोन नॉब होते. एक तारेच्या वेगाचा, सरळ साधा, फिरवू तसा वाढणारा. दुसरा ताकदीचा. त्याला एक ते आठ अशा आठ खाचा होत्या, खट् खट् करत गोल फिरणारा, आठानंतर पुन्हा एक. एक म्हणजे सर्वांत कमी, आठ म्हणजे सर्वांत जास्त, हे कुणीही सांगेल. पण बारीक सळईला एकवर ठेवलं की सळईच वितळून खाली पडे. जाड पाइपला आठवर ठेवलं की धातू वरच्या वर बसे. मधोमध पाचवर ठेवलं तर तार वितळायचीच नाही, पाइपला टोचे आणि बंदूक मागे ढकले. शाळेतल्या मशीनच्या झाकणात तक्ता चिकटवलेला असायचा. इथे झाकणात फक्त कोळ्याचं जाळं.

"हिरव्यांनी विष कालवून दिलंय," मारिनस म्हणायचा. हळूहळू सगळेच तसं म्हणायला लागले होते.

फेनएंडचा सिस, ज्याने ते मशीन चौदा वर्षं वापरलं, तो दोन मिनिटांत सगळं सांगू शकला असता. पण मिरवणुकीच्या आधी महिनाभर तंबूंचे पडदे बंद होतात. एका वाडीचा माणूस दुसऱ्या वाडीच्या तंबूत पाऊल टाकत नाही. आणि दारात जाऊन विचारायचं म्हणजे 'आम्हाला चालवता येत नाही' असं आपल्या तोंडाने सांगायचं. तसं सांगण्यापेक्षा टीस्टने स्वतःचा पाय कापून घेतला असता.

गुरुवारी सकाळी डिम्फी पाव घ्यायला गेली तर बेकरीत नेमका सिस पुढे उभा.

"काय म्हणतंय माझं हिरवं पाखरू?" त्याने विचारलं.

"छान चाललंय," डिम्फी म्हणाली. खोटं बोलली की तिचे कान लाल होत. तिने केस पुढे ओढले.

"चालणारच. असं मशीन आता मिळत नाही. सळईला दोन, जाड पाइपला सात. डोळे झाकून. नवीन आणलंय ना, त्याच्यावर पडदा आहे, टेलिव्हिजनसारखा. मी त्याच्याशी अजून बोलत नाही." तो पाव काखेत मारून दाराशी गेला आणि वळला. "आणि तिला ओरडू नकोस हं. गुणी आहे ती."

डिम्फी पाव न घेताच बाहेर आली. मग परत आत जाऊन पाव घेतला.

सायकलवरून जाताना ती विचार करत होती. पाइपला सात. सातवर तिने मंगळवारी जोड दिला होता. जरासा जोर लावताच तो निघाला. म्हणजे एकतर सिस खोटं बोलत होता, नाहीतर तिलाच काही येत नव्हतं. दुसरी शक्यता तिला नेहमीप्रमाणे आधी पटली. बारा मंगळवारांत काय होतं? लोक आयुष्यभर शिकतात. पण काल्व्हरच्या पुलावर चढ लागला, सायकलवरून उतरावं लागलं, आणि चालता चालता तिला वाटलं, मशीनला 'ती' म्हणणारा माणूस तिच्याबद्दल खोटं कसं बोलेल? सिसचं खरं मानलं तर? मग चौदा वर्षं सातवर पाइप जोडणारं मशीन आपल्याकडे येऊन सहा आठवड्यांत बदललं. माणूस बदलला तर स्वभाव म्हणता येईल. लोखंड का बदलेल?

शेतात एखादी ओळ अचानक खुरटली तर ती काय करायची? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाणी तेच, माती तीच, फक्त खत वेगळं. नाहीतर कुणाच्या पायगुणाने काय झालं ते देवालाही कळत नाही. आणि इथे गेले सहा आठवडे सगळेजण दोन्ही नॉब एकदम फिरवत होते, हात बदलत होते, तोंडाने शिव्या देत होते, आणि पुन्हा फिरवत होते.

तंबूत टीस्ट आणि मारिनस बगळ्याच्या पंखावर तारेची जाळी बांधत होते. डिम्फीने पडदा नीट लावून घेतला, म्हणजे वाऱ्याने गॅस उडू नये. चार मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पट्टीचे आठ सारखे तुकडे कापले. आठही घासून चकचकीत केले. तारेचा नॉब मधोमध ठेवला आणि त्यावर चिकटपट्टी लावली.

"हे काय?" मारिनस म्हणाला. "मशीनला मलमपट्टी?"

"याला आता कुणी हात लावायचा नाही."

"अगं बाई! मालकीण झाली."

 डिम्फीने वेल्डिंगचा मुखवटा खाली ओढला, ताकदीचा नॉब एकवर ठेवला आणि पहिल्या तुकड्यावर तळहाताएवढी सरळ रेघ ओढली. तोच हात, तेच अंतर, तोच वेग. मनात एक ते बारा मोजत. मग दोन. मग तीन. प्रत्येक तुकड्याखाली खडूने आकडा. आठवा झाला तेव्हा तिने मुखवटा वर केला. तिच्या पाठीला घाम आला होता.

तुकडे तिने टेबलावर ओळीने मांडले. एकची रेघ रुंद, बसकी. दोनची आणखी रुंद. तीनची पसरट. चारची तर इतकी पसरली होती की तुकडा पालथा घातल्यावर मागेही निळाजांभळा पट्टा उमटला होता. आणि पाच? पाचवर गांडुळासारखी उंच, बारीक, तुटक वळवळ. बोटाने ढकलली तर निघाली. सहाची जरा बरी. सातची आणखी बरी. आठची त्याहून रुंद.

ती बराच वेळ बघत उभी राहिली. चार चढत्या पायऱ्या, मग धाडकन खड्डा, मग पुन्हा चार चढत्या पायऱ्या. आठची रेघ जिथे संपत होती, तिथेच एकची सुरू होत होती. रुंदीला जेमतेम फरक.

तिने पाच, सहा, सात, आठ हे तुकडे उचलले आणि एकच्या आधी नेऊन ठेवले.

जिना झाला. आठ पायऱ्यांचा, कुठेही न मोडलेला जिना.

"टीस्ट," ती म्हणाली. आवाज इतका हळू आला की तिला पुन्हा हाक मारावी लागली. "टीस्ट! इकडे ये जरा."

टीस्ट आला. मारिनसही पक्कड हातात घेऊन आला.

"हे बघ. पाच सगळ्यात कमी आहे. चार सगळ्यात जास्त. मशीनला काही झालेलं नाही. ताकद बरोबर चढत जाते. फक्त आकडे चुकीच्या जागी आहेत. अर्धा फेरा चुकलाय."

"म्हणजे फेनएंडवाल्यांनी मुद्दाम..." मारिनस सुरू झाला.

"सिस सातवर पाइप जोडायचा. म्हणजे तिथे आकडे बरोबर होते. सिसकडून निघाल्यावर नॉब कुणीतरी काढलाय आणि उलटा बसवलाय."

"कोण काढेल नॉब? नॉब कशाला काढायचा कुणी?" मारिनस म्हणाला. "नॉब काढायचं काही कारणच..." आणि तो थांबला, कारण त्याची नजर मशीनच्या पिवळ्याधमक तोंडाकडे गेली होती.

टीस्ट खाली बघत होता. त्याच्या बुटांवर अजूनही त्या पिवळ्या रंगाचे थेंब होते.

"रंग नॉबखाली नीट जावा म्हणून काढले," तो म्हणाला. "दोन्ही. आतली दांडी चौकोनी आहे. कशीही बसते."

 मग मारिनसच्या पोटातून एक आवाज निघाला, घशापर्यंत आला आणि फुटला. तो हसत हसत बगळ्याच्या पायाला धरून खाली बसला. "सहा आठवडे! सहा आठवडे आपण हिरव्यांना शिव्या घातल्या! टीस्ट, अरे, विष पिवळं होतं रे!"

"गप," टीस्ट म्हणाला. पण त्याच्याही मिशा थरथरत होत्या. त्याने खिशातून बारीक स्क्रूड्रायव्हर काढला आणि डिम्फीपुढे धरला. "तूच फिरव."

डिम्फीने स्क्रू सैल केला, नॉब उपसला, अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला. काम एवढंच होतं.

पण तिला माहीत होतं की अजून सगळं झालेलं नाही. ताकद सातवर ठेवली आणि तार तशीच मधोमध राहिली तर ज्योत लांबट होऊन धातू शिंतोडे उडवतो. तार जास्त सोडली तर ती न वितळता टोचते. ताकद म्हणजे चूल, तार म्हणजे चुलीवर पडणारं पीठ. चूल मोठी केली तर पीठही त्या बेताने वाढवायला हवं. तिने चिकटपट्टी काढली. सातवर नॉब ठेवून एका हाताने रेघ ओढत राहिली आणि मारिनसला म्हणाली, "तार हळूहळू वाढव. मी सांगेपर्यंत."

"काय बघून सांगणार? डोळ्यांवर तर काळी काच आहे."

"ऐकून."

आधी फटफट आवाज येत होता, मध्येच थांबणारा. मारिनसने नॉब केसभर सरकवला. फटफट दाट झाली. अजून केसभर. आणि मग एकाएकी सगळे आवाज एकात एक मिसळले आणि तव्यावर चरबीचे तुकडे तडतडावेत तसा एकसारखा, भरलेला, सुरेख आवाज तंबूभर झाला.

"थांब!" डिम्फी मुखवट्याच्या आतून ओरडली. तीस वर्षांत तिला एवढ्या मोठ्याने बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. "हाच! हाच आवाज!"

दुपारभर तिने मानेच्या बुडाचे जुने जोड घासून काढले, पाइपांच्या कडा तिरक्या केल्या आणि एकेक जोड नव्याने भरला. टीस्ट मुकाट्याने पाइप धरून उभा राहिला. मध्ये एकदा त्याने पाणी आणून दिलं. शुक्रवारी सकाळी शेवटचा जोड झाला. धातू दोन्ही पाइपांत मिसळून गेला होता, कुठे एक संपतो आणि दुसरा सुरू होतो ते सांगता येत नव्हतं.

दहा वाजता अकराही माणसं जमली. साखळी ताणली. मान गुडघाभर वर आली, कमरेइतकी आली, खांद्याइतकी.  मग ती तिरपी झाली, सरळ झाली, आणि सहा मीटरचं ते वळण तंबूच्या दिव्यांच्याही वर जाऊन उभं राहिलं. चोचीचं टोक छताच्या कापडाला लागलं.

"साखळी सोडा," डिम्फी म्हणाली.

"थोडा वेळ राहू दे," टीस्ट म्हणाला.

"सोडा."

साखळी सैल पडली. मान हलली नाही.

"मारिनस," टीस्ट म्हणाला, "वजन किती तुझं?"

"एकशे आठ. का?"

"लटक."

"मी? बायको आहे मला! नातवंडं आहेत!"

"लटक म्हणतो ना. खाली गाद्या टाकल्यात."

मारिनसने छातीवर क्रूस केला, शिडीवर चढून मानेच्या पहिल्या वळणाला मिठी मारली आणि पाय सोडले. सांगाडा किंचित वाकला, जिवंत पाखरासारखा एकदा झुलला आणि थांबला. मारिनस हवेत पाय झाडत होता. "अजून आहे!" तो ओरडला. "मी अजून आहे! अरे, कुणीतरी फोटो काढा!"

तंबूत जो गलका झाला तो म्हणे पलीकडच्या दुधाच्या डेअरीपर्यंत ऐकू गेला. कुणीतरी डिम्फीला उचललं. तिचा मुखवटा डोक्यावरून घरंगळून पडला. ती लाजून "खाली ठेवा, खाली ठेवा" म्हणत होती आणि खाली ठेवल्यावर पुन्हा वर बघत होती. मान तिथेच होती.

मिरवणुकीच्या रविवारी वारा होता. बगळा पांढऱ्या आणि फिकट जांभळ्या डेलियांनी मढला होता, पंख पसरलेले, पाय पाण्यातून निघालेले. चर्चजवळच्या वळणावर रस्ता अरुंद होतो, तिथे रथाला धक्का बसला. एवढी लांब मान एका बाजूला कलली. दुतर्फा उभ्या गर्दीतून 'हाऽऽ' असा आवाज आला. मान परत आली, जणू बगळ्यानेच ती फिरवून गर्दीकडे पाहिलं. मग टाळ्या सुरू झाल्या आणि त्या बाजारचौकापर्यंत थांबल्या नाहीत. डिम्फी रथाच्या मागे चालत होती. पुढच्या फेनएंडच्या रथावर तिची काळसर लाल फुलं होती, रथावरल्या लोहाराच्या भट्टीच्या निखाऱ्यांसाठी खोचलेली. तिला वाटलं होतं बघवणार नाही. पण ती निखाऱ्यांत अशी शोभत होती की तिने दोनदा टाचा उंचावून पाहिलं.

निकालात लिंडेहूक दुसरं आलं. सात वर्षं शेवटची येणारी वाडी दुसरी. फेनएंड चौथं. सिस बिअरचा पेला घेऊन आला आणि डिम्फीला म्हणाला, "पाइपला सात?"

"सात," डिम्फी म्हणाली. या वेळी कान लाल झाले नाहीत.

सोमवारी तंबूत रथ मोडायचा. फुलं शेतात, पुठ्ठा आगीत आणि लोखंड पुढच्या वर्षासाठी कापून रचायचं. पंख, पाय, शेपूट दुपारपर्यंत आडवे झाले. मानेच्या बुडाशी मात्र टीस्ट ग्राइंडर घेऊन बसला तो उठेचना. एक चकती झिजली. दुसरी झिजली. तिसरी लावून तो घाम पुसत बसला आणि सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

"पूर्वी एक हातोडा पुरायचा," मारिनस म्हणाला. "टीस्टचे जोड तर नुसतं खोकलं तरी सुटायचे."

 टीस्ट जोडावरून अंगठा फिरवत होता. मग त्याने वर पाहिलं, आणि बावीस वर्षं जो प्रश्न तो फक्त स्वतःला विचारत आला होता तो त्याने सगळ्यांसमक्ष डिम्फीला विचारला.

"पुढच्या वर्षी किती उंच करायचा गं?"

अकरा माणसं तिच्याकडे बघत होती. डिम्फीने छताकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं, मनाशी काहीतरी मोजलं.

"आधी तंबू उंच करू," ती म्हणाली.